पुलापलीकडचा साठा

माझी मावशी विद्यापीठात लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन शिकवायची. म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. मामा पाहुण्यांना सांगायचा, "आमची ताई ट्रकांची डॉक्टर आहे," आणि पाहुणे हसले की मावशी कप खाली ठेवून आत निघून जायची.

आजोबांचं औषधाचं दुकान होतं आणि मावशी त्या काउंटरमागेच लहानाची मोठी झाली. माल आला नसला की आजोबा गिऱ्हाइकाला हात जोडून "उद्या या" म्हणायचे. दम्याचं औषध न्यायला एक बाई परत परत येत होत्या. एकदा तेच उत्तर ऐकून त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, तेव्हा त्यांची धाप आतपर्यंत ऐकू येत होती. मावशी शाळकरी होती. तिला त्या वेळी संताप आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. आजोबांचा दोष नव्हता, गाडीवाल्याचाही नसावा. मग दोष कुणाचा, हे शोधण्यात तिची पीएचडी झाली आणि पुढची सगळी नोकरीही.

तिच्या विभागातले बाकीचे लोक संगणकासमोरून न उठता पेपर लिहायचे. मावशी औषधांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून फिरायची, गोदामांत उभी राहायची, डोंगरातल्या दवाखान्यांची कपाटं उघडून बघायची. लग्न राहूनच गेलं. आईने विषय काढला की ती म्हणायची, "आधी माल पोचू दे."

एवढ्या वणवणीतून तिने जी पद्धत बसवली, ती मलाही समजेल इतकी सरळ होती. शहरालगतच्या दवाखान्यांत औषधं पडून पडून त्यांची मुदत संपते, म्हणून तिथला साठा कमी करायचा. जिथला रस्ता बेभरवशाचा, तिथे तोच साठा राखीव म्हणून वाढवायचा. या दोन्ही गोष्टी एकदमच करायच्या, एक करून दुसरी सोडायची नाही, हे ती वर्गात टेबलावर हात आपटून सांगायची.

हे सगळं तिच्यासोबत उभं केलं ते तिच्या पहिल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने. ती त्याला 'चिरंजीव' म्हणायची. आमच्या घरी तो जेवायला असायचा, माझी गणितं सोडवून द्यायचा. पुढे तो एका मोठ्या सल्लागार कंपनीत गेला, आणि सरकारी दवाखान्यांचा औषधपुरवठा सुधारण्याचं काम त्या कंपनीला मिळालं, तेव्हा मावशीने शेजारीपाजारी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मग तिने त्यांचं सादरीकरण पाहिलं. साठा कमी करायचा भाग तिचाच होता, शब्दसुद्धा तिचेच. राखीव साठ्याचा भाग मात्र उडवला होता. उलट डोंगरातल्या दवाखान्यांत जे काही शिल्लक होतं तेही 'अनावश्यक' म्हणून शहरातल्या मुख्य गोदामात आणायचं ठरलं होतं. मावशीने चिरंजीवला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या टप्प्यात बघू. ती आरोग्य खात्यात गेली. तिथे तिला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवलं आणि शेवटी एका साहेबांनी ऐकवलं की मॅडम, पद्धत तर तुमचीच आहे, तक्रार कसली करताय? त्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ चप्पल न काढता दारातच उभी होती.

पुढच्या वर्षी डोंगराकडे जाताना लागणाऱ्या नदीवरच्या पुलाला तडे गेले आणि वाहतूक बंद झाली. पलीकडच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीन होत्या, नर्स होत्या, वीज होती. मशीनला लागणारे फिल्टर आणि नळ्या मात्र संपल्या. इकडे मुख्य गोदामात त्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. लांबच्या वळशाने गाडी पोचेपर्यंत दोन माणसं गेली, एक निवृत्त शिक्षिका आणि एक सुतार. चौकशी समिती बसली आणि खात्याने सगळा दोष पुलावर ढकलला. पूल काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

याच सुमारास विद्यापीठाने चिरंजीवचा गुणवंत माजी विद्यार्थी म्हणून सत्कार ठरवला, आणि मानचिन्ह गुरूच्या हस्ते. मावशी जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. ती इस्त्रीची साडी नेसून गेली. मी तिसऱ्या रांगेत होते. कुलगुरूंनी मानचिन्ह तिच्या हातात दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि माईकपाशी गेली.

"साठा कुठे कमी करायचा, हे याला मी शिकवलं," ती म्हणाली. "कुठे कमी करायचा नाही, हेही मीच शिकवलं होतं. याला दोन्ही येत होतं. ते दोघं पूल बंद पडल्यामुळे गेले नाहीत. पूल कधीतरी बंद पडणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. मी हे देणार नाही."

ती पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेली. मी मागोमाग धावत जाऊन रिक्षा थांबवली.

विद्यापीठाने तिला कारणे दाखवा नोटीस दिली. तिची प्रयोगशाळा काढून घेतली आणि झेरॉक्स मशीनच्या शेजारी एक खोली दिली, जिथे दिवसभर टोनरचा वास यायचा. ज्यांचे पेपर तिने दुरुस्त करून दिले होते, ते सहकारी जिन्यात भेटले की मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे.

काही आठवड्यांनी चिरंजीव घरी आला. मावशीने त्याला बस म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला. वरून दबाव होता, बचत दाखवायची होती.

"मॅडम, मी केलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी केलंच असतं."

"मग दुसऱ्याला करू द्यायचं होतं," मावशी म्हणाली. "त्याला माहीत नसतं. तुला माहीत होतं."

तो रडायला लागला. आईने पाणी आणलं. मावशी तिला म्हणाली की रडू दे, आणि मग त्याला म्हणाली, "इथे रडून काय होणार? समितीपुढे जाऊन बोल."

तो गेला. राखीव साठा कुणाच्या सांगण्यावरून काढला, हे त्याने समितीपुढे नाव घेऊन सांगितलं आणि आपणही गप्प बसलो हेही कबूल केलं. त्याची नोकरी गेली. ज्या साहेबांचं नाव त्याने घेतलं त्यांची नुसती बदली झाली. पुलापलीकडच्या दवाखान्याला राखीव साठा परत मिळाला, पण फक्त त्या एकाच दवाखान्याला, कारण चौकशी तेवढ्यापुरतीच होती. आम्ही मावशीला म्हटलं, निदान एवढं तरी झालं. ती आमच्यावरही उखडली.

आता ती निवृत्त झाली आहे. मागच्या महिन्यात दरड कोसळून तिकडचा रस्ता पुन्हा बंद झाला. पलीकडच्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला की काळजी करू नका, सगळ्यांचं डायलिसिस वेळेवर चालू आहे. मी मावशीच्या तोंडाकडे बघत होते, आता तरी हसेल म्हणून.

"आणि त्याच रस्त्यावरचे बाकीचे दवाखाने?" तिने विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मावशीने फोन ठेवला, पर्स उचलली आणि आरोग्य खात्याचं ऑफिस किती वाजता उघडतं ते मला बघायला सांगितलं.