शुक्रवारची गाठ

चालत्या लूमच्या चौकटीवर डावा तळहात ठेवून उस्ताद म्हणायचे, "मी न्हाय हलत, लूम हलतोय."

ते खरंही वाटायचं. तुम्ही भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात पाच मिनिटं उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत आहे, सगळे लूम एकदम चालू असले की जमीन हलते, भिंत हलते, खिळ्याला टांगलेला जेवणाचा डबा हलतो. त्यात एका माणसाचे हात थरथरतात हे कोणाला दिसणार? दारू लपवायला याहून चांगली जागा नाही.

ते आमचे फिटर. मूळचे वडप्याकडचे. गावाभोवती गोदामं उभी राहिली, भाऊबंद तिकडे कामाला लागले, हे मात्र लूम सोडून हलले नाहीत. बिघडलेल्या लूमवर नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, "याचा डावा पाय दुखतोय." तिथला बोल्ट ढिला निघायचाच. मला लूम त्यांनी शिकवला. सुताची तुटलेली तार जोडताना त्यांनी मारलेली गाठ कापडावरून बोट फिरवलं तरी लागायची नाही.

आणि माझा राग ऐका. मी पहिले चार जुने लूम घेतले, तेव्हा नारळ फोडायला यांनाच बोलावलं. त्या लूमांसाठी मी तीन दिवस घसा बसेपर्यंत घासाघीस केली होती. उस्तादांनी चारही लूमवर हात फिरवला आणि जमलेल्या माणसांसमोर म्हणाले, "भाव करायला शिकलास. हात न्हाय शिकला तुझा." लोक हसले. मीही हसलो. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पुढे दारूपायी दोन मालकांनी त्यांना काढलं आणि ते माझ्या दारात आले. खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरं वाटलं. "आला ना शेवटी आमच्याकडे?" मी टोमणा मारला. "तुझे लूम रडत व्हते, म्हनून आलो," म्हणाले आणि पाना उचलला.

पायांवर सूज दिसायला लागली. विचारलं तर, "उभ्याची ड्युटी हाय, पाय सुजनारच." डोळे पिवळे झाले. "तुझ्या दिव्यांचा उजेडच पिवळा हाय. चांगले दिवे लाव, कंजूस." मी दिवे बदलले. डोळे पिवळेच राहिले.

मग एकदा माझ्या लक्षात आलं, की तार तुटली की उस्ताद नुसतं बोट दाखवतात आणि गाठ शेजारचा कारागीर मारतो. मी त्या कारागिराला झापलं. तो म्हणाला, "सेठ, पूरा कारखाना यही करता है. आप भी तो उनको मोटे सूत का ही लूम देते हो." खरं होतं. जाड सूत कमी तुटतं, गाठही सोपी, म्हणून कित्येक महिने मी त्यांच्याकडे जाड सुताचेच लूम देत होतो. आम्ही सगळे मिळून त्यांचे हात झालो होतो, आणि त्यालाच माया समजत होतो.

माझं डोकं फिरलं. चालू शिफ्टमध्ये त्यांच्या पिशवीतली बाटली काढली, गटारात ओतली आणि सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "पायाला चोळायचं औषध व्हतं." त्यानंतर चार दिवस आलेच नाहीत. त्यांच्या बायकोने, काकूंनी, फोनवर सांगितलं, "ताप आलाय रे त्यांना." ताप नव्हता. माझ्या ओरडण्याने पिण्याला निमित्त मिळालं होतं, एवढंच.

ओरडून माल मिळत नाही हे मला बाजाराने शिकवलंय. मग मी शुक्रवारची वाट पाहिली. शुक्रवारी आमचे लूम बंद असतात. रिकाम्या कारखान्यात मी त्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर एक तार तोडली.

"जोडा."

"सुट्टीचं काम?"

"एकच गाठ, उस्ताद."

तार बोटांतून निसटली. पुन्हा निसटली.

"थंडी हाय," ते म्हणाले.

"मे महिना आहे."

"चष्मा न्हाय आनला."

मी खिशातून त्यांचा चष्मा काढला. सकाळीच काकूंकडून आणून ठेवला होता. सौद्याला मी तयारीशिवाय बसत नाही.

तिसऱ्यांदाही जमलं नाही. तेव्हा सवयीने त्यांनी डावा तळहात चौकटीवर ठेवला. लूम बंद होता. त्यांच्या बोटातली अंगठी लोखंडावर टकटक वाजू लागली. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. त्यांनी हात खाली घेतला आणि ते तिथेच जमिनीवर बसले.

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला कळतो. सौदा असाच सुरू होतो.

"आज डॉक्टर. ते म्हणतील तितके दिवस दवाखाना. मग सहा महिने थेंब नाही."

"डॉक्टर उद्या. एक महिना."

"आज. सहा."

"बरं, आज. दोन."

"चार. आणि चार झाले की पुन्हा बसू."

"आनि मला काय?"

पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे, आणि हा माणूस मलाच विचारतोय, मला काय! पण माझ्याकडे त्यांना हवी असलेली एकच वस्तू होती. "याच लूमवर, अशाच शुक्रवारी, पहिल्या फटक्यात गाठ मारून दाखवा. मी सगळ्या कारागिरांसमोर सांगेन, माझा हात शिकला नाही."

त्यांनी मान वर केली. "अजून ध्यानात हाय तुझ्या?"

"आहे."

"खुळा हायस," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

डॉक्टरांनी आधी मलाच दटावलं. इतक्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर जिवावर बेतेल, म्हणून दाखल करून घेतलं. पहिले काही दिवस वाईट होते. कॉटवर पडल्या पडल्या उस्ताद हवेतल्या तारा जोडत होते. मी बाहेर जाऊन उगाच चहावाल्याशी भांडलो.

दोन महिन्यांनी ते एकदा घसरले. त्या दिवशी सगळे लूम धडधडत असताना ते माझ्याजवळ आले आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "आज लूम न्हाय, मीच हलतोय." मी शिफ्ट सोडून त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. चार महिने पहिल्यापासून मोजायचे, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. मी भाव केला नाही.

मग तो शुक्रवार आला. सुट्टी असून सगळे कारागीर हजर. उस्तादांनी सर्वांत बारीक सुताचा लूम निवडला. तार मी तोडली. त्यांनी दोन्ही टोकं उचलली, बोटं एकदाच वळली आणि गाठ बसली. कोणीतरी शिटी मारली. उस्तादांनी बंद लूमच्या चौकटीवर डावा तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. अंगठी वाजली नाही.

मी पेटीवर चढलो आणि ओरडून सांगितलं, "माझा हात शिकला नाही!" मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. लोक पोट धरून हसले. हरण्यासाठी मी आयुष्यात एवढा एकच सौदा केला होता.

"आता पुन्हा बसायचं ना?" मी खाली उतरून विचारलं.

"आता जल्माचं. यात भाव न्हाय करायचा," ते म्हणाले. "पन इथं न्हाय. इथल्या प्रत्येक रस्त्यावर माझा एक अड्डा हाय."

काकूंचं माहेर वज्रेश्वरीला. तिथे देवळाच्या वाटेवर दोघांनी नारळ-फुलांचं छोटं दुकान टाकलं. त्यांना बसमध्ये बसवून मी कारखान्यात आलो. त्यांचा पाना खिळ्याला टांगलेला होता, आणि लूमबरोबर हलत होता.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा माणूस माल तपासायला आला. हे लोक कापडावरून हात फिरवत जातात आणि गाठ लागली की भाव पाडतात. त्या शुक्रवारच्या लूमवरच्या ताग्यापाशी तो थांबला. काठावर खडूची खूण होती. मीच केली होती.

"सेठ, ये निशान किसलिए?" त्याने दोनदा बोटं फिरवली. कापड उजेडात धरलं, पुन्हा फिरवली. "यहाँ तो कुछ भी नहीं है."

"वही तो," मी म्हणालो.