वाट पाहणारा राउटर आणि आठल्येसर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. माणसाविषयी कसं लिहितात हे मला नीट ठाऊक नाही, तेव्हा चुकलं तर माफ करा. आठल्येसरांवर लिहायला जवळची माणसं होती. पण कुणी लिहिलं नाही, म्हणून मी धजतो आहे.

सर आम्हाला नेटवर्कचं प्रॅक्टिकल शिकवत. राहायला काशीत दुर्गाघाटावर, घरात मराठी, गल्लीत पक्के बनारसी. राउटरशी बोलल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. "बोलो गुरू, शेजारी कसे आहेत?" म्हणतच ते स्क्रीन उघडायचे.

पॅसिव्ह पीअर ग्रुप मी त्यांच्याकडेच शिकलो. बरेच शेजारी राउटर एका गटात घालायचे आणि साऱ्या गटाला एकच नियम द्यायचा: आपण होऊन जोडणी मागायची नाही, समोरच्याने मागितली की द्यायची.

एकदा मी माझ्या राउटरवरचा गट तसा केला. पलीकडच्या टेबलावर सरांनीही सवयीने तेच केलं होतं. जोडणी होईना. केबल बदलली, राउटरचे पत्ते तपासले. चूक कळली तेव्हा सर खुर्चीत रेलून हसले. "अरे बाबू, ये तो लखनऊवाले निकले! पहले आप, पहले आप! दोघंही बसून राहिले, तर बोलावणार कोण?"

मग टेबलावरच्या मोबाइलकडे बघत राहिले. त्यांची मुलगी मीनल पुण्यात होती. तिने लग्न स्वतः ठरवलं म्हणून सर गेले नव्हते. तेव्हापासून बोलणं बंद. मी भीतभीतच म्हटलं, "सर, तुम्हीच लावा ना फोन."

"मी बाप आहे. तिने लावावा. मी उचलीन की."

"मग एकदा जाऊनच या."

"या वयात काशी सोडू? लोक मरायला इथे येतात, वेड्या!"

पुढे नोकरीसाठी मी नोएडाला आलो. सरांचा नंबर लागेनासा झाला. इथे ऑफिस सुटलं की उगाच वाटतं, आत्ता संकठा घाटाच्या पायरीवर बसावं, सरांनी कागदातले चणे पुढे करावेत आणि "खा रे, लाजतोस काय!" म्हणून दटावावं.

दिवाळीत काशीला घरी गेलो, तो थेट दुर्गाघाटावर. सरांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"तुला कुणी सांगितलं नाही का रे? न कळवताच पुण्याला गेले. लेकीच्या दारात जाऊन उभे! ती आधी भांडली, मग रडली, मग पान वाढलं. उन्हाळ्यात तिथेच वारले. फार आजारी होते, तेव्हा मीनलने विचारलं, 'बाबा, काशीला नेऊ का?' तर म्हणाले, 'नको गं. इथेच राहू दे मला.'"