मास्तरांची पिपाणी

माझ्या लेकीच्या शाळेचे ड्रिलमास्तर वाघापेक्षा शांततेला जास्त भ्यायचे. दर उन्हाळ्यात अमरावतीच्या पोरांना बैलांच्या दमण्यांत घालून मेळघाटच्या रानात नेत, पळसपानाच्या पिपाण्या करायला शिकवत आणि दरडावत, "मी वाजवली का तुमीबी वाजवा. नाई तं वाघानं नेलं समजीन!"

एकदा मीही सोबत होतो. मास्तरांनी वाजवली, चहूकडून उत्तरं आली, ओढ्याकडून आलं नाही. तिकडे माझी कुसुम गेली होती. मास्तर वाजवत वाजवत धावले, मागून मी. कुसुम फळांनी लगडलेल्या टेंभुर्णीखाली गाल फुगवून बसलेली.

"काहून वाजवली नाई वं?" मी ओरडलो.

"तोंडात टेंभरं होते ना, बाबा!"

मी हसत सुटलो. मास्तर हसले नाहीत. सगळ्यांना परत बोलवायला त्यांनी पिपाणी ओठांना लावली, पण फुंकरच निघेना. शेवटी ती कुसुमनं वाजवली.