भाऊला उठवलं ती पहाट

"बाई, घोडा एकटाच आला व…" असं ओरडत सुखराम अंगणात शिरला, तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. सुखराम म्हणजे माझ्या भावाच्या तलावावर जन्मभर जाळं टाकलेला माणूस. त्याचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तशीच अनवाणी पाळीवर, तलावाच्या बांधावर धावले. घोडा काठाला उभा, अंगावरून पाणी निथळतंय आणि पाठीवर कोणी नाही. भाऊला पाण्यानं नाही, हृदयानं नेलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटला, पण ती रिकामी पाठ डोळ्यांपुढून हलत नाही.

शालिकभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही ढिवर, मासळी घरात पिढ्यान्‌पिढ्यांची, पण व्यापार म्हणून तो केला भाऊनंच. सायकलला डबा बांधून गोंदियाच्या बाजारात रोहू विकणारा हा माणूस पुढे एकेक तलाव ठेक्यानं घेत गेला, बर्फाच्या पेट्या रायपूर-नागपूरला धाडू लागला. आणि हातात पैसा खेळू लागला तसं डोक्यात खूळ शिरलं. लोक बंगला बांधतात, यानं शर्यतीचे घोडे घेतले! दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ते पळवायचा आणि हरला तरी पेढे वाटायचा. मी शाळामास्तरीण, मी चिडायची. "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तर हसून म्हणायचा, "नाही ना व बाई, घोड्यावर आहे." शेवटचा घोडा वय झालं म्हणून रेसकोर्सवरून काढून टाकलेला. कोणाचंच ऐकत नाही म्हणून भाऊनं त्याचं नाव ठेवलं तहसीलदार. "तहसीलदाराले चारा टाका रे!" असं तो ओरडला की रस्त्यानं जाणारे थबकून बघायचे.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या या तहसीलदाराला भाऊनं वेगळीच नोकरी दिली. उकाड्यात आभाळ भरून आलं की पहाटे तलावातल्या पाण्यात हवा कमी पडते. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकतात, आणि पाणी ढवळलं नाही तर उन्हं वर यायच्या आत सगळा तलाव मेलेल्या माशांनी पांढरा होतो. हवेचं यंत्र होतं, पण लाईट गेली की ते मुकं. काठावर माणसं बांबूनं पाणी बडवतात, पण मधल्या खोल पाण्याचं काय? पूर्वी तिथं म्हशी घालत. भाऊ घोडा घालायचा, स्वतः पाठीवर बसून. मी घरात तोंडात पदर कोंबून बसायची… मला कायम वाटायचं, हा एक दिवस परत यायचा नाही.

आणि मग तो दिवस मीच आणला. हे मी मागच्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. महालक्ष्म्यांसाठी मी माहेरी आले होते. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि भाऊची लेक प्राची त्या रात्री मालाच्या गाडीसोबत गोंदियाला गेली होती. पहाटे मला जाग आली, लाईट नव्हती, पाळीवर गेले तर मासे वर आलेले. मी भाऊला हलवलं. तो म्हणाला, "झोपू दे ना व बाई, अंग जड वाटून राहिलं." मी म्हटलं, "ऊठ आळशा, तलाव मरेल तुझा!" तो उठला. मी आत जाऊन चहा ठेवला.

आता तलाव प्राची बघते, आणि घोडाही. तिच्या सोबतीला मी इथंच थांबले. "विकून टाक त्याला," म्हणून मी हात जोडले, पण पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. मागच्या आठवड्यात पुन्हा तसंच आभाळ भरलं. मी पहाटे पाळीवर गेले तर हजारो तोंडं पाण्यावर उघडझाप करत होती. प्राची घरात झोपलेली. मी दारापर्यंत गेले… आणि हाक मारली नाही. माझ्यानं झालंच नाही. बांबू घेतला, पाण्यात उतरले आणि वेड्यासारखी पाणी बडवत सुटले. त्या आवाजानंच ती जागी होऊन धावत आली.

"आत्या! काऊन नाही उठवलं मले? अर्धे मासे मरून राहिले ना!"

"तुझ्या बापाले मीच उठवलं होतं." माझ्या तोंडून निघून गेलं. "अंग जड आहे म्हणत होता. मी ऐकलं नाही."

मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. मग ती गेली आणि घोडा सोडून घेऊन आली. लांब दोराचं एक टोक तिनं स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि घोड्यावर बसून पाण्यात शिरली. उन्हं येईपर्यंत मी तो दोर धरून उभी होते. किती मासे वाचले, किती गेले, मी पाहिलं नाही. ती ओलीचिंब बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा ज्या तलावासाठी उठले, तो मले मरू द्यायचा नाही. याच्यापुढं तूच उठवत जा मले."

काल पहाटे पुन्हा आभाळ आलं. मी तिच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. पहिली हाक निघालीच नाही. दुसरी मारली.