दिवाळीची बाटली

सिद्धोधन मास्तरांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता, आणि ही गोष्ट ते बोरी गावात कुणाला विसरू देत नसत. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तेच म्हणवून घेत. पाचवं शील दारूचं. ते आलं की आवाज चढायचा आणि मागच्या रांगेतले दोघं-तिघं माना खाली घालायचे.

अशा माणसाची पोरगी पुण्यात बिअर बनवत होती! संघप्रिया मायक्रोबायोलॉजी शिकली तेव्हा मास्तरांनी गावभर पेढे वाटले होते. नोकरीचं कुणी विचारलं की मात्र "फूड कंपनीत हाय" म्हणून विषय मिटवायचे. दिवाळीला तिनं एक बाटली आणली. इंडिया पेल एल म्हणतात ती कडवट बिअर, छोट्या कारखान्यात तिच्याच कृतीनं बनलेली.

"पप्पा, एकच घोट. मी बनवलीय. आन् हे बघा, ही बाटली..."

"समोर बाबासाहेबांचा फोटो हाय, दिसंना का तुला?"

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. संघप्रिया दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघून गेली. बाटली मागं राहिली. पोरीची मेहनत फेकवत नव्हती, म्हणून मास्तरांनी ती पत्र्याखालच्या माळ्यावर, वारलेल्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या पेटीत, साड्यांखाली दडवली. लक्ष्मीबाई जिवंत असत्या तर दोघांना दटावून जेवायला बसवलं असतं. आता दटावणारं कोणी नव्हतं. फोनवर "जेवलात का" आणि "हो", संपलं.

मे महिन्यात ती न सांगता आली. बॅग दारात टाकून भिंतीला टेकून बसली. कंपनी बंद पडली होती. मालकानं यंत्रं विकली, उरलेला माल मोरीत ओतला.

"आता माझी बिअर कुठंच न्हाई, पप्पा," एवढंच म्हणाली. धड जेवेना, बोलेना.

मास्तरांना पेटी आठवली. दुपारी ते स्टँडवर भुजंगच्या भज्यांच्या गाड्यावर गेले.

"मिरची भजी? डॉक्टरनं बंद केलीत ना तुमची, मास्तर?"

"पोरीला पाहिजेत. भुजंग, एक विचारू? एका पावण्याची बाटली हाय. दिवाळीपासून ठिवलेली. चालते का?"

भुजंगचा झारा हवेतच थांबला. "पावण्याची! अवो, दारू मुरल्यावरच खरी लागते. पावण्याला म्हनावं, मजाय तुझी."

घरी येऊन मास्तरांनी भाकरी, ठेचा, भजी वाढली. चमच्यानं झाकण उचकटलं आणि स्टीलच्या दोन पेल्यांत बिअर ओतली. संघप्रिया बघतच राहिली.

"पप्पा, तुमी?"

"तुझ्या हातची हाय ना? मग."

घोट घेतला की पौर्णिमेला शील म्हणवायला बसायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. गावाशी ते खोटं बोलत, बुद्धापुढं नाही.

प्यायले. कडू, आणि मागून पावसात भिजून वाळलेल्या वहीच्या पुठ्ठ्याची चव. "लय चांगली हाय," ते म्हणाले.

संघप्रियानं घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"कुठं ठेवली होती?"

"आईच्या पेटीत. वर."

तिनं तापलेल्या पत्र्यांकडं पाहिलं. "ही ताजीच प्यायची असते, पप्पा. गार ठेवायची, लवकर संपवायची. संत्र्याच्या सालीसारखा वास होता हिला, ह्या भज्यांसंग तर... तेच सांगायलते तुमाला तवा."

चिडली असती तरी बरं झालं असतं. चिडली नाही. एक भजं उचललं आणि परत ताटात ठेवलं.

मास्तरांनी आपला पेला संपवला, मग तिचाही ओढला.

"आता कशाला प्यायलाव?"

"टाकू कशी?"

पौर्णिमेपर्यंत ती नोकरी शोधायला पुण्याला परतली होती. विहारात मास्तरांनी पुढची सतरंजी दुसऱ्याला दिली आणि ते मागं गेले. मागच्या रांगेतल्या दोघांनी नुसतं सरकून त्यांना जागा करून दिली.