माझ्या सुनेचं नाव सुजाता

"ॲनाफायलॅक्सिस," डॉक्टर म्हणाले. आयसीयूच्या दारात उभे होते, मास्क हनुवटीखाली ओढलेला. "म्हणजे औषधाची एकदम जोरात येणारी ॲलर्जी. घसा आतून सुजतो, बीपी खाली जातं, श्वास अडतो. आम्ही नळी टाकलीय. दोन दिवस काही सांगता येणार नाही."

शब्द मला नवा होता, गोष्ट नवी नव्हती. माझ्या सुनेला पेनिसिलीनच्या जातीचं इंजेक्शन चालत नाही हे मला ठाऊक होतं, माझ्या मुलाला ठाऊक होतं, आणि त्याच सकाळी तिनं स्वतः तिथल्या सिस्टरला माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी ते टोचलं गेलं. हे कसं झालं ते लिहून राहिले. उद्या तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात असेल म्हणून लिहिते, आणि माझ्या पोटात ते मावत नाही म्हणूनही लिहिते.

मी हिमायतनगरला अंगणवाडी सेविका. सव्वीस वर्षं झाली. माझं तोंड लई चालतं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. सुपरवायझर मॅडमसुद्धा माझ्याशी जपून बोलतात.

माझं नाव सुजाता. प्रशांतसाठी लातूरची मुलगी बघितली. गुणी, हसरी, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झालेली. तिचंही नाव सुजाता. सगळं जुळलं आणि मी तिथंच अडून बसले. "एका घरात दोन सुजाता कशाला? पोरगा बायकोला हाक मारायलाय का मला, कळावं कसं? आणि आईचं नाव घेऊन बायकोवर ओरडंल का तो?" बैठकीतले सगळे हसले. आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं, तांदळात नाव कोरायचं आमच्यात काही नाही. पण पत्रिकेवर मीच 'प्रज्ञा' छापून घेतलं.

विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "चांगलं हाय नाव." मुलगी म्हणाली, "चालतंय की आई. हाक मारल्याशी मतलब." लग्नानंतर दोन महिन्यांत आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, सगळीकडं प्रज्ञा प्रशांत हनवते झालं. मी स्वतः तिच्यासंगं रांगेत उभी राहिले. कागद कसे चोख करून घेतले म्हणून शेजारणींना सांगत फिरले.

गेल्या वर्षी अंगण झाडताना तिच्या पायाला पत्रा लागला. तिसऱ्या दिवशी पोटरी लालबुंद, अंगात ताप. आमच्या गावच्या डॉक्टरांनी सेल्युलायटिस सांगितलं. म्हणजे कातडीखाली पसरत चाललेला संसर्ग. "नांदेडला न्या, शिरेतून औषध द्यावं लागंल. घाबरू नका, चार दिवसांत घरी याल." ते खोटं बोलले नाहीत. चार दिवसांत घरी यायचाच आजार होता तो.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही तिनंच सांगितलं. "आई, कॉलेजात असताना मी तिथं दाखवायचे. तिथंच जाऊ." दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, आणि लिहून ती परत येणार नाही.

तिथं पोचलो तेव्हा ती बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून बसली. काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी आधार कार्ड पुढं सरकवलं आणि म्हणाले, "प्रज्ञा प्रशांत हनवते." तिनं कॉम्प्युटरमध्ये शोधलं. "नाही दिसत. नवीन केस पेपर काढते." मी म्हणाले, "काढा." ती इथं आधी येऊन गेलीय हे वाटेत ऐकलं होतं मी. पण आली होती ती दुसऱ्या नावानं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षांत मी ते नाव घरातून असं पुसलं होतं की मलाच आठवलं नाही.

मग चार-पाच फॉर्म आले, बरेचसे कोरे. "इथं, इथं आणि इथं सही करा मावशी." मी केल्या. पेशंट बाकड्यावर कण्हत असताना फॉर्म कोण वाचत बसतं?

वॉर्डातल्या सकाळच्या सिस्टर चांगल्या होत्या. सुजातानं त्यांना स्वच्छ सांगितलं, "सिस्टर, मला पेनिसिलीन चालत नाही. बारावीला असताना लातूरला दिलं होतं. सगळं अंग सुजलं, मरता मरता वाचले." केस पेपर अजून खालून वर आला नव्हता. सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "पेपर आला की चढवते."

मला उलट बरं वाटलं. आम्हीपण तसंच करतो. घरभेटीला गेल्यावर वही जवळ नसली की बाळाचं वजन हातावर लिहायचं आणि नंतर चढवायचं.

थोड्या वेळानं शेजारच्या कॉटवरच्या आजीला उलटी झाली. सिस्टरांनी ती आवरली आणि बेसिनशी जाऊन साबणानं हात धुतले. मी बघत होते. दोन हातांवर बसून बघत होते, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. दुपारी त्यांची ड्युटी संपली, त्या गेल्या.

दुपारच्या सिस्टर इंजेक्शन भरून आल्या. मी विचारलं, "हे पेनिसिलीनचं न्हाई ना? तिला चालत न्हाई."

"मावशी, डॉक्टरांनी लिहून दिलंय. पेपरवर ॲलर्जीचं काहीच नाही. आम्हाला कळत नाही का?"

आणि मी गप्प बसले. मी! जी खाऊच्या पाकिटात अळी निघाली तर जिल्ह्याच्या साहेबाला फोन लावते, ती मी मूग गिळून बसले. वाटलं, शिकलेली माणसं आहेत, उगं चिडतील आणि पोरीकडं लक्ष देणार नाहीत. त्या क्षणी फक्त त्यांचा हात धरायचा होता. जास्तीत जास्त काय झालं असतं, मला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

इंजेक्शन अर्धं गेलं नसेल, सुजाता उठून बसली. गळ्यावर हात नेला. "आई, घसा..." एवढंच. माझं मनगट धरलं तिनं, आणि ती पकड सुटेपर्यंत धावाधाव सुरू झाली होती.

विहीणबाई लातूरहून संध्याकाळी पोचल्या. पिशवीत जुनी फाइल होती. फाइलवर लाल पेननं ठळक लिहिलेलं, पेनिसिलीन गटातलं कोणतंही इंजेक्शन देऊ नये. आणि वर नाव, सुजाता माधव वाघमारे. लेकीचे कपडे जपावेत तशी त्यांनी ती फाइल सात वर्षं पेटीत सांभाळली होती. डॉक्टरांनी वाचली आणि परत दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पंचवीस वर्षांची होती. पायाची सूज तोवर उतरली होती.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या दिवशी विहीणबाईंनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "फोटोखाली माझ्या लेकीचं नाव लिहा." मी दुःखात होते, चिडले. म्हणाले, "कार्ड छापून झालेत, आता काय बदलू?" प्रज्ञाच राहिलं.

मग मी दवाखान्यात रेकॉर्ड मागायला गेले. साहेब नाहीत, रेकॉर्ड रूमची चावी नाही, अर्ज इंग्रजीत आणा. पाच खेटे झाले. सहाव्या खेपेला काउंटरपुढं फरशीवर बसले आणि तोंड सोडलं. जे तोंड त्या दुपारी उघडायचं होतं ते आता उघडलं. तासाभरात झेरॉक्स मिळाली.

त्यात लिहिलं होतं: ११:२०, टेस्ट डोस दिला, प्रतिक्रिया नाही. टेस्ट डोस म्हणजे मोठं इंजेक्शन द्यायच्या आधी कातडीत थेंबभर औषध टोचून वाट बघतात. तसं कुणी काही केलं नव्हतं. आणि अकरा वीसला सुजाता वॉर्डात नव्हतीच, खाली सोनोग्राफीच्या टेबलावर होती, पायाच्या शिरा तपासायला. त्या कागदावर मशीननंच वेळ छापलीय. अकरा वीस.

खाली दुसरी ओळ: ॲलर्जीबाबत विचारले असता रुग्ण व नातेवाईक यांनी नकार दिला. आणि त्याखाली सही. सही माझीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

आता ऐका, मला खोटं कशावरून कळलं. नोंदी तीन दिवसांच्या, पाळ्या वेगळ्या, पण पेन एकच आणि अक्षर एकच. कुठं खाडाखोड नाही, कुठं सलाईनचा डाग नाही. एका बैठकीत भरलेलं रजिस्टर मला लांबूनसुद्धा ओळखू येतं, कारण मी भरलेलं आहे. उद्या सुपरवायझरची भेट असली की आदल्या दिवशी बसून महिन्याची वजनं भरायची. मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवायचे. कुणाचं काय बिघडतंय, असं मी नव्या पोरींना शिकवलंय.

पण हे वाचून मी पेटले. चोराच्या उलट्या बोंबा! माझी सून सांगून मेली आणि कागद म्हणतो तिनं सांगितलंच नाही. म्हणजे तिच्या मरणाचा दोष तिच्याच कपाळी. मला दुसरं काही नको होतं. ती ओळ खोटी आहे, एवढं कुणीतरी सरकारी कागदावर लिहून द्यावं. मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडं तक्रार केली, त्यांनी चौकशी समिती नेमली.

सकाळच्या सिस्टरांनी तोवर नोकरी सोडली होती. पत्ता काढून मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या आईनं दार उघडलं, "ती न्हाई घरी," म्हणाल्या. आत पंखा चालू होता आणि कुणीतरी रडत होतं. मी चौकशीची तारीख कागदावर लिहून उंबऱ्यावर ठेवली आणि परत आले.

चौकशीला समितीचे तिघं होते. मी, प्रशांत, विहीणबाई एका बाजूला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी लॅपटॉप फिरवून दाखवला.

"रुग्ण आमच्याकडे पूर्वी येत होती. सुजाता माधव वाघमारे. हा बघा, नावासमोर लाल शेरा आहे. त्या नावानं आल्या असत्या तर स्क्रीन उघडताच दिसला असता. नाव कुणी बदललं?"

म्हणजे तिला वाचवणारा शेरा त्याच इमारतीत होता, आणि मी काउंटरवर उभी राहून त्याच्यावर नवा केस पेपर काढा म्हणाले होते. प्रशांत खाली बघायला लागला. विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या.

"मी," मी म्हणाले. "मी बदललं."

तेवढ्यात दार उघडलं. सकाळच्या सिस्टर होत्या. आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

"नाव काही असू द्या, सर. तिनं मला सांगितलं होतं. मी हातावर लिहिलं. चढवायचं राहिलं." त्यांनी तळहात पुढं केला, जणू अजून लिहिलेलं होतं तिथं. "नंतर मला ऑफिसात बसवून सगळे कागद परत लिहून घेतले. ती टेस्ट डोसची ओळ माझ्याच अक्षरात आहे. टेस्ट डोस दिलेला नाही."

आठ महिने मी मनात त्या बाईच्या थोबाडीत मारत होते. समोर आली तर राग येईना. ती रडत होती, आणि तिच्या हातात मला माझाच हात दिसत होता.

अहवाल लिहिताना समितीतल्या मॅडमनी वाचून दाखवलं. ॲलर्जीची माहिती रुग्णानं दिली होती, नोंदी नंतर तयार केल्या गेल्या. मग मला विचारलं, "नाव बदलल्याचं तुमच्या तक्रारीत नाही. ती ओळ ठेवायची का?"

"ठेवा," मी म्हणाले. "ती खरी हाय." या वेळी सही करायच्या आधी मी सगळं दोनदा वाचलं.

दवाखान्यावरची कारवाई वरच्या ऑफिसात चालू आहे. व्हायची तेव्हा होईल.

तुम्हाला सांगते. पेशंटला काय चालत नाही ते तिच्या कॉटच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात चिकटवा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. जुनी सगळी नावं सांगा. शंका आली तर हात धरा, चिडू द्या त्यांना. आणि त्या सिस्टरांसारखं कुणी उभं राहिलं तर त्याचे आभार माना. मी मानले, पण आठवडा गेला तोंडातून शब्द निघायला. अंगणवाडीतली वजनं मी आता काटा लावूनच लिहिते. बाळ आलं नसेल तर रकाना रिकामा ठेवते आणि मॅडमची बोलणी खाते.

घरातल्या फोटोखालची पट्टी मी बदलून घेतली. सुजाता. लोक येतात, फोटो बघतात, मग माझ्याकडं बघतात. गावात सुजाता म्हणजे मी.

गेल्या महिन्यात विहीणबाई आल्या. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले. त्यांनी पट्टी वाचली असणार. बाहेरून हाक आली, "सुजाता... अगं सुजाता..."

चौपन्न वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ."

मग बाहेर आवाज बंद झाला. मी चहा तसाच ठेवून गेले तर त्या फोटोसमोर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी म्हणाले, "चुकलं माझं, विहीणबाई. तुम्ही तिला हाक मारत होता." त्यांनी मान हलवली आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.