जाळीवरचा सान रोक्कू

"तो संत खाली उतरव, नाहीतर मी तुला उतरवतो."

"हात तर लावून बघ! आईच्या नवसाचा आहे तो."

"नवस आईचा आणि बदनामी माझ्या रेडिएटरची? वारा शिरायच्या दारात उभा केलाय त्याला. हवा आत जाणार कुठून, त्याच्या कुत्र्याच्या शेपटीखालून?"

मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. आमच्या आणि त्यांच्या गच्चीत कमरेएवढी भिंत, त्यामुळे त्यांच्या अंगणातलं भांडण ऐकायला मला कधी कान लावावे लागले नाहीत, झाकावे मात्र लागायचे. त्या दिवशी झाकले नाहीत. वाकून पाहिलं, तर झारेन पाना घेऊन मोटारीच्या पुढच्या जाळीवरचा पितळी संत, सान रोक्कू, उचकटत होता, आणि त्याच्या धाकट्या भावानं, विस्तिननं, त्याच्या कानाला दात लावले होते. चावा खरोखरीचा होता. झारेन गुरासारखा ओरडला, हाताशी असलेला लाकडी हातोडा त्यानं उचलला आणि विस्तिनच्या तोंडावर असा घातला की समोरचे दोन दात माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर पडले. एक तर घरंगळत गटारातच गेला. त्यांची आई लोरेता कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि आधी तिनं संत सरळ केला, मग मुलांकडे पाहिलं.

झारेनच्या कानाची पाळी परत आली नाही, विस्तिनचे दातही नाहीत. सहा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. राहायचे एकाच घरात, झारेन खाली आपल्या रेडिएटरच्या कारखान्याशेजारी, विस्तिन वर बायकोबरोबर. लोरेता एकाच पातेल्यातलं सशाचं कालवण दोन वेळा वाढायची.

झारेन तापट होता हे आख्खं गाव सांगेल. का होता ते मी सांगते. त्यांचा बाप गोदीत बॉयलरवर होता. झारेन चौदा वर्षांचा असताना एका जहाजावर वाफेची नळी फुटली आणि बापाचे पाय कमरेपासून उकडून निघाले. तो आठ दिवस घरी पडून होता. पट्टी सोडली की कातडी पट्टीबरोबर यायची. पट्ट्या बदलायला झारेन बसायचा, कारण लोरेताला घेरी यायची. विस्तिन तेव्हा आठ वर्षांचा. त्याला आमच्याकडे आणून ठेवला होता. टोमॅटो चोळलेला पाव तेलात बुडवून खायचा आणि माझ्या मांजराला छळायचा. त्यानं ते पाय पाहिलेच नाहीत. नवव्या दिवशी बाप गेला.

पुढे झारेन रेडिएटरच्या धंद्यात पडला. वाफेनं बाप खाल्ला, म्हणून हा जन्मभर वाफेच्या मानगुटीवर बसला असं मला वाटतं. अंगणात दगडी हौद होता. रेडिएटरची तोंडं बंद करायची, ते पाण्यात बुडवायचं आणि सायकलच्या पंपानं आत हवा भरायची. एक बुडबुडा आला तरी सगळा डाख काढून पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका ट्रकवाल्यानं रस्त्यातच गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि गंमत म्हणून ते झारेनला हसत सांगितलं. झारेननं त्याला मानेला धरून त्याच हौदात बुडवला.

"येतायत का रे बुडबुडे?" वर काढून विचारलं, पुन्हा बुडवला. "आत्ता आले. गळतोस तू."

इंग्रज बेट सोडून गेले तेव्हा एक अधिकारी आपली हिरवी, बिनछपराची, दोन माणसांची मोटार मागे ठेवून गेला. तेव्हाच ती जुनी होती. दोघा भावांनी मिळून ती घेतली, दर जूनमध्ये दरीपलीकडच्या घाटात चढाची शर्यत होते त्यासाठी. झारेनचा रेडिएटर आणि पेडलवर विस्तिनचा पाय, असं ठरलं होतं. लोरेतानं नवस बोलून पुढच्या जाळीवर पितळेचा सान रोक्कू लावला, जेवायच्या ताटाएवढा. झगा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा संत आणि पायाशी त्याचा कुत्रा. लावला तो नेमका वारा आत घ्यायच्या तोंडावर. आमच्याकडे एकदा लावलेला संत कुणी काढत नाही. मोटार तिसऱ्या वळणावर उकळायची ती त्यामुळे. बाकी भांडण तुम्ही वर वाचलंच.

बोलणं तुटलं तरी झारेननं एक काम सोडलं नाही. शर्यतीच्या दिवशी, आणि आदल्या दिवशीच्या सरावालाही, तो टोमॅटोच्या रसाचे दोन मोठे, तारेची कडी लावलेले डबे पाण्यानं भरून तिसऱ्या वळणावर जायचा. डबे दगडी कठड्यावर ठेवायचा आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. विस्तिनची मोटार फुसफुसत यायची, थांबायची. विस्तिन खाली उतरून पाणी घालायचा आणि जायचा. शब्द नाही. दर वर्षी हरायचा, पण धड घरी यायचा.

सातव्या वर्षी सरावाच्या दिवशी मोटार थांबलीच नाही. वाफेचा एक धागाही नव्हता. विस्तिननं भोंगा वाजवला आणि भावाच्या पाठीमागून निघून गेला. झारेन डबे तसेच भरलेले घेऊन परत आला आणि माझ्या दारात बसला. मी ग्लासात चहा दिला, तो त्यानं घेतला नाही.

"वाफ गेली कुठं, फिलू?"

"बरं झालं की गेली."

"संत तिथंच, रेडिएटर तोच. मग वाफ गेली कुठं?" तो उठला, विस्तिननं मोटार गल्लीतल्या आपल्या गॅरेजमध्ये लावली होती तिथं गेला, खिडकीत डोकावल्यासारखं बॉनेट उचलून पाहिलं आणि पांढराफटक होऊन आला. "रेडिएटरवर दुप्पट जोराचं झाकण बसवलंय त्यानं. वाफ गेली नाहीये, कोंडलीये. माझा रेडिएटर सोसेल. पण तेच पाणी हीटरमध्ये फिरतं. हीटर त्या इंग्रजाच्या वेळचा आहे, सांधे कुजलेले. आणि आहे कुठं? डॅशबोर्डच्या खाली. त्याच्या मांड्यांवर."

मला त्यांच्या बापाचे ते पाय, कधी पाहिले नसूनही, दिसले.

"जा, सांग त्याला," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणू नको."

मी गेले. विस्तिन बँडच्या क्लबात बसला होता, शेजारी त्याचे दोन दोस्त, एक ढोल वाजवणारा, एक तुतारी वाजवणारा. मी सांगितलं. तो दात नसलेल्या फटीतून हसला.

"त्याचं पाणी आज कुणी प्यायलं नाही ना, म्हणून जळतंय त्याचं. फिलूमेना, त्याला सांग, हीटरवर पाय शेकत शेकत मी उद्या पहिला येईन."

मी हे जसंच्या तसं झारेनला सांगितलं. नव्हतं सांगायला पाहिजे, असं अजून वाटतं.

दुपारची वेळ, गल्लीत सगळ्या खिडक्या लावलेल्या. मला लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. धावत गेले, तर विस्तिनच्या गॅरेजमध्ये झारेन मोठा घण घेऊन स्वतःच्याच हातानं केलेला रेडिएटर फोडत होता. तांब्याच्या पट्ट्या चिंध्यांसारख्या लोंबत होत्या, पाणी पायाखाली साचलं होतं. हीटरपर्यंत तो पोहोचलाच नाही. विस्तिन आणि त्याचे दोस्त क्लबातून धावत आले. तुतारीवाल्यानं झारेनचे हात मागे धरले. विस्तिननं त्याच्या तोंडावर, पोटावर ठोसे घातले, सहा वर्षांचे एकदम. झारेन खाली पडल्यावर ढोलवाला लाथा घालायला लागला. काय सांगू, त्यातही त्यानं ठेका सोडला नाही. मी ओरडत होते. हातात केरसुणी होती ती मी तुतारीवाल्याच्या डोक्यावर मोडली, त्याला काही वाटलं नाही. विस्तिननं घण उचलला आणि झारेनच्या उजव्या हातावर घातला. हाडाचा आवाज माझ्या कानात आजही आहे.

"आता लाव डाख," विस्तिन म्हणाला.

झारेनच्या तोंडात रक्त भरलं होतं. त्यानं ते थुंकलं. "हीटर काढ," म्हणाला. "कुत्र्या, हीटर काढ."

त्याला इस्पितळात नेलं. तीन बरगड्या आणि हात मोडला होता, एक डोळा मिटलेला. पोलीस आले तर सांगितलं, शिडीवरून पडलो.

विस्तिन हट्टाला पेटला. कुणाच्या तरी मोटारीचा छोटा रेडिएटर आणून त्यानं बसवला, त्यावर तेच झाकण घातलं. रविवारी सकाळी शर्यतीला निघायच्या आधी गल्लीत इंजिन तापवत बसला होता. वारा अजिबात नव्हता. आम्ही दारात उभ्या, लोरेताही. तिला मोठ्या मुलाचं सगळं कळलं होतं. ती तिथून हलत नव्हती.

विस्तिननं एक्सिलेटर दोन-तीनदा दाबला, मग खाली उतरला. निघण्याआधी संताला बोटं लावून ओठांना लावायची, ही आमच्याकडची रीत. तो जाळीसमोर वाकला, आणि आत गाडीत फटाका फुटावा तसा आवाज झाला. डॅशबोर्डखालून उकळतं पाणी सरळ ड्रायव्हरच्या जागेवर आलं, वाफेनं काच दिसेनाशी झाली. लोरेतानं त्या जागेवर लोकरीची उशी घातलेली होती. तिच्यावरून पाणी वाहत होतं आणि लोकर आक्रसत, गोळा होत चालली होती. सीटच्या चामड्याला फोड आले. मी बघितलेत, चामड्याला फोड.

विस्तिन बोटं ओठांशी धरून तसाच उभा राहिला.

लोरेता पुढे आली. तिनं ती उशी दोन बोटांनी उचलली, हातात धरून पाहिली. मग पायातली सपात काढली आणि विस्तिनला मारायला सुरुवात केली. गॅरेजपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत मारत नेलं. चाळिशीकडे झुकलेला बाप्या, पण हात वर केला नाही त्यानं. "असे होते त्यांचे पाय! असे!" एवढंच ती म्हणत होती. ढोलवाला मध्ये पडायला गेला, त्यालाही दोन मिळाल्या.

संध्याकाळी विस्तिन इस्पितळात गेला. लोरेतानं मला बरोबर पाठवलं, पुन्हा मारामारी झाली तर कुणीतरी असावं म्हणून.

"काय पाहिजे?" झारेन म्हणाला.

"हीटर फुटला."

"कुठं?"

"सीटवर."

"आणि तू?"

"पुढं होतो. संताला हात लावत होतो."

झारेन हसायला लागला. बरगड्यांनी रडू आलं तरी हसत होता. "म्हणजे आधी वाट अडवून उकळायचं, मग वाचवायला खाली बोलवायचं. तुझा संत स्वतःचं काम स्वतःच काढतो रे."

"हात कसा आहे?"

"तुझे दात किती उरलेत? प्लास्टर निघालं की मोजतो."

प्लास्टर निघायची वाट मात्र पाहिली नाही. आठवड्यात काम सुरू झालं. झारेन स्टुलावर बसायचा, हात गळ्यात, आणि विस्तिन त्याच्या हुकमानं डाख लावायचा. मी गच्चीवरून ऐकायचे.

"गाढवा, डाख लावतोस की जॅम फासतोस?"

"तूच मोडायला लावलास ना हात!"

"मी लावला? बरं. वाकव आता तो पत्रा. वाकव, त्याला मिठी नको मारू."

हीटर पहिल्या दिवशीच काढून भंगारात दिला. आमच्या बेटावर हीटर म्हणजे इंग्रजांचं दुखणंच. रेडिएटर नवा केला, पहिल्यापेक्षा नळ्यांची एक ओळ जास्त. झाकण जुन्याच जोराचं. राहिला संत. झारेननं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि त्याला तिथंच ठेवला. मोटारीच्या खालच्या ओठाला दोन नवी तोंडं कापली, तेलाच्या डब्यांचे पत्रे जोडून बोळ केला आणि वारा संताच्या पायाखालून सरळ रेडिएटरवर नेला. इंजिन गिळतं त्या हवेसाठी बाजूनं वेगळी नळी काढली, तापलेल्या लोखंडापासून लांब. हे सगळं होईपर्यंत दोनदा पाने फेकले गेले, आणि एकदा विस्तिनच्या मनगटाला तापलेली सळई लागली. ती चुकून लागली असं दोघंही सांगत.

पुढच्या जूनमध्ये मोटार तिसऱ्या वळणावरून शिळेसारखी थंड गेली. विस्तिन चौथा आला. त्याच्या वर कधी तो गेला नाही. त्याचा पाय तेवढाच होता.

झारेनचा उजवा हात वाकडाच बसला. डबे डाव्या हातात एक आणि उजव्या कोपराला अडकवून एक, असे न्यायचा. कारण डबे न्यायचं त्यानं थांबवलं नाही. मोटार थांबत नाही, पाणी कुणाला लागत नाही, तरी दर जूनमध्ये तो तिसऱ्या वळणावर जायचा आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. "रस्त्याला पाणी पाजतो," म्हणायचा. लोरेता गेली, मी विधवा झाले, विस्तिनच्या तोंडात कवळी आली. झारेनच्या छातीत डाखाचा धूर जन्मभर गेला होता. शेवटची दोन वर्षं तो बोलताना शिट्टी वाजायची.

त्या शेवटच्या वर्षी, शर्यतीच्या सकाळी तो माझ्या दारावरून गेला. डबे भरलेले होते.

"एक मी घेते," मी म्हणाले.

"तुझं मांजर घे आधी. पायात येतं."

ऊन चढायला लागलं होतं. तो कठड्यांच्या सावलीतून, दर शंभर पावलांवर डबे खाली ठेवत गेला. मी गच्चीवर चढले, तिथून तिसरं वळण दिसतं. तो पोहोचला, डबे कठड्यावर ठेवले, रस्त्याकडे पाठ केली. हिरवी मोटार आली. विस्तिननं दर वर्षीसारखा भोंगा वाजवला, झारेननं दर वर्षीसारखी मागे न बघता हातानं एक घाणेरडी खूण केली. मोटार वर गेली. वाफ नव्हती. त्यानं एक डबा कठड्याखालच्या केपरच्या झुडपाला ओतला, दुसरा रस्त्यावर. रिकामे डबे कोपराला अडकवून खाली आला आणि हौदाच्या काठावर सुकायला ते उपडे घातले.